इंजिनावर नाव कंपनीचं, पण आराखडा रूलबुकचा: ड्रॅग रेसिंगच्या इंजिन डिझाइनमध्ये येऊ पाहणाऱ्यांसाठी

बाहा आणि सुप्रा (कॉलेजच्या पोरांच्या गाड्या बनवायच्या स्पर्धा) केलेली बरीच पोरं मला विचारतात की अमेरिकेत ड्रॅग रेसिंगच्या (सरळ छोट्या पट्टीवरची दोन गाड्यांची शर्यत) इंजिनवर काम करायचंय, फोर्डचं किंवा शेव्हरलेचं रेस इंजिन डिझाइन करायचंय, तर सुरुवात कुठून करू. मी सांगली साइडचा, डिप्लोमा मग डिग्री मग इकडे एमएस, आणि आता इंडियानात एका इंजिन शॉपमध्ये आहे. इथवर यायला खूप घासावं लागलं आणि ते अजून अंगातून गेलेलं नाही, म्हणून जे सांगतो ते जरा कडक वाटेल. फोर स्ट्रोक, बोअर, स्ट्रोक, कम्प्रेशन हे तुम्हाला येतं असं धरूनच लिहितोय.

आधी कंपनीच्या नावाबद्दलचा गैरसमज काढून टाका. एनएचआरए ही इकडची ड्रॅग रेसिंगची संघटना, तिच्या फनी कार या क्लासच्या गाडीवर टोयोटाची बॉडी दिसते ना, तिच्याखालचं इंजिन टोयोटाच्या कुठल्याही शोरूम गाडीत नाही. टॉप फ्युएल (सगळ्यात वेगवान क्लास) आणि फनी कारची सगळी इंजिनं मुळात क्रायस्लरच्या 1964 च्या 426 हेमीच्या घराण्यातली. फनी कारचा ड्रायव्हर जॉन फोर्स, त्याच्या टीमने फोर्डबरोबर बॉस 500 नावाचं नायट्रो (नायट्रोमिथेन या इंधनावर चालणारं) इंजिन केलं, त्यावर फोर्डचं नाव होतं आणि आतलं कामही खरंच नवीन होतं, पण तेसुद्धा त्याच चौकटीत बसवावं लागलं: 90 अंशाचं व्ही-8, ब्लॉकमध्ये एकच कॅमशाफ्ट, सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह, 500 क्युबिक इंचाच्या आत म्हणजे साधारण 8.2 लिटर. 2014 नंतर फोर्ड बाहेर पडली, 2015 पासून तीच टीम शेव्हरले कॅमॅरोची बॉडी घेऊन धावायला लागली, आणि चौकट होती तिथेच राहिली. प्रो स्टॉक या पेट्रोलवाल्या क्लासमध्येही जनरल मोटर्सचं डीआरसीई (ड्रॅग रेस कॉम्पिटिशन इंजिन) इंजिन ऑल्डस्मोबिलच्या काळापासून चालत आलंय आणि ते कुठल्याच शोरूम गाडीत कधी विकलं गेलं नाही. 2018 पासून तर तिथे बॉडी एका कंपनीची आणि इंजिन दुसऱ्या कंपनीचं चालतं.

आता इंजिनाच्या गणितातला एक सापळा. मीही यात अडकलो होतो आणि इंटरव्ह्यूला येणारा जवळजवळ प्रत्येक जण यातच अडकतो, म्हणून लांबलचक सांगतो, कंटाळा करू नका.

कॉलेजात आपल्याला शिकवतात की पॉवर हवी तर बोअर मोठा घ्या, मोठ्या बोअरमध्ये मोठे व्हॉल्व्ह बसतात, स्ट्रोक छोटा ठेवा म्हणजे पिस्टनचा वेग कमी राहतो आणि आरपीएम वाढवता येतात. बरोबरच आहे. मग पोरगं 500 क्युबिक इंचाची मर्यादा वाचतं, कॅल्क्युलेटर काढतं आणि मोठा बोअर, छोटा स्ट्रोक असं गणित मांडून मोकळं होतं. पण रूलबुकात अजून एक आकडा असतो, बोअर स्पेसिंग, म्हणजे शेजारशेजारच्या दोन सिलिंडरच्या केंद्रांमधलं अंतर. नायट्रोला ते जास्तीत जास्त 4.800 इंच, प्रो स्टॉकला 4.900 इंच. वाचताना हा आकडा किरकोळ वाटतो, पण सगळं इंजिन याच्यावर उभं आहे.

नायट्रोचा चालू बोअर 4.1875 इंच आणि स्ट्रोक 4.5 इंच, गणित केलं तर 496 च्या आसपास येतं. म्हणजे स्ट्रोक बोअरपेक्षा मोठा, पुस्तकाच्या बरोब्बर उलट! का? 4.800 मधून 4.1875 वजा करा, 0.6125 इंच उरतात, साडेपंधरा मिलीमीटर. या साडेपंधरा मिलीमीटरमध्ये दोन सिलिंडरच्या दोन लायनरच्या (सिलिंडरच्या आत बसवलेल्या नळीच्या) भिंती, मधलं ॲल्युमिनियम आणि वर तांब्याच्या हेड गॅस्केटला दाबून धरायची जागा, एवढं सगळं बसवायचंय. आत जळतंय 90 टक्के नायट्रोमिथेन, वर हवा दाबून आत भरणारा ब्लोअर बसलेला, आणि एकूण पॉवर दहा हजार हॉर्सपॉवरच्या वर. बोअर थोडा जरी वाढवलात तरी ती भिंत दोन्ही बाजूंनी पातळ होते, मग गॅस एका सिलिंडरमधून दुसऱ्यात रस्ता शोधतो. रननंतर हेड काढलं की तांब्याच्या गॅस्केटवर दोन बोअरच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर काळपट जळका माग दिसतो, कधी कधी कडेला तांबं वितळून ओघळलेलं असतं. ते एकदा हातात घेऊन बघितलं की बोअर वाढवूया असं तोंडातून निघत नाही. शिवाय हवा ब्लोअर कोंबतोय आणि नायट्रो स्वतःचा ऑक्सिजन घेऊन येतं, एक भाग पेट्रोलला 14.7 भाग हवा लागते तिथे याला 1.7 भाग पुरते, त्यामुळे मोठ्या व्हॉल्व्हसाठी जीव टाकायची तेवढी गरजही नाही.

प्रो स्टॉकला उलट चित्र. तिथे ब्लोअर नाही, इंधन पेट्रोल, हवा स्वतःच ओढायची, म्हणून बोअर मोठाच लागतो. 4.7 धरा, मग स्ट्रोक 3.6 येतो आणि 500 च्या जेमतेम आत बसतो. 4.900 मधून 4.7 गेले की उरले 0.2 इंच, पाच मिलीमीटर फक्त! नायट्रोचा दाब तिथे नाही म्हणून ते टिकतं. आणि आता पिस्टनचा वेग काढा. प्रो स्टॉकला 2016 पासून फ्युएल इंजेक्शन आणि 10,500 आरपीएमचा लिमिटर आला, तर 3.6 इंचाला सरासरी वेग सेकंदाला 32 मीटर. नायट्रो 8,000 आरपीएमला धरा, 4.5 इंचाला साडेतीस मीटर. दोन अगदी वेगळी इंजिनं, पण पिस्टनचा वेग जवळपास सारखाच. मला तर अजून हे बघून भारी वाटतं. रूलबुकातला एक आकडा घेऊन दोन्हीकडची इंजिनं समजतात, म्हणून काहीही मॉडेल करायच्या आधी स्पेसिंगची रेघ कागदावर मारा, त्यातून भिंत वजा करा, मग बोअर, मग स्ट्रोक आणि सगळ्यात शेवटी व्हॉल्व्ह. हा क्रम उलटा केलात तर सॉफ्टवेअर तुम्हाला अडवणार नाही, ते छान रंगीत ग्राफ काढून देईल आणि तुम्ही आठवडे वाया घालवाल.

सॉफ्टवेअरवरून आठवलं, ते चार आठवड्यांत मोटरस्पोर्ट इंजिनिअर बनवणारे ऑनलाइन कोर्स घेऊ नका, पैसे जातात आणि सर्टिफिकेटकडे इथे कोणी बघत नाही. त्यापेक्षा गावात किंवा शहरात जिथे बोअरिंग-होनिंग करतात त्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसा, डायल बोअर गेज हातात घ्या, एकाच सिलिंडरला वर, मध्ये, खाली आणि दोन दिशांना माप घ्या आणि आकडे का वेगळे येतात ते त्या मिस्त्रीला विचारा. माझं तर स्पष्ट मत आहे की पहिला गुरू मशिनिस्ट असावा, प्रोफेसर नंतर. इकडे मला खरं शिकवलं ते एका म्हाताऱ्या मशिनिस्टने, फार बोलायचे नाहीत, पण पार्ट हातात ठेवायचे आणि काय दिसतंय ते विचारायचे, आणि उत्तर येईपर्यंत तिथून हलायचे नाहीत. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग मीट झाल्यात, तशी कुठलीही मीट जवळपास असेल तर तिथे प्रेक्षक म्हणून न जाता स्क्रुटिनीच्या टेबलापाशी उभे राहा, नियम प्रत्यक्षात कसा तपासतात ते तिथेच कळतं.

नोकरीचं खरं सांगतो, गोड लागणार नाही. टीम छोट्या असतात, इंडियानातल्या ब्राउन्सबर्ग आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटच्या आसपास बऱ्याच एकवटल्यात, आणि त्यातल्या अनेकांकडे व्हिसाची कागदपत्रं बघायला वेगळा माणूसच नसतो. स्टेम ओपीटीची (शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावर काम करायच्या परवानगीची) 24 महिन्यांची वाढ हवी तर एम्प्लॉयर ई-व्हेरिफायमध्ये (काम करायची परवानगी तपासणारी सरकारी ऑनलाइन व्यवस्था) असावाच लागतो, हे ऑफर घ्यायच्या आधी विचारा, लाजू नका. एका शॉपने मला हे शेवटपर्यंत सांगितलं नाही आणि ऐनवेळी दुसरं काम शोधताना नाकी नऊ आले. कर्ज काढून येणार असाल तर रेस टीमच्या भरवशावर येऊ नका, पिस्टन, व्हॉल्व्ह ट्रेन, गॅस्केट बनवणाऱ्या सप्लायर कंपन्यांत आधी अर्ज करा, तिथे इंजिनिअर लागतात, पगार वेळेवर होतो आणि टीमचे लोक तिथे येत-जात असतात, ओळखी तिथूनच होतात.

आणि घाबरूनही जाऊ नका. आपली पोरं मापं घेण्यात आणि चिकाटीत कुठेही कमी नाहीत हे मी रोज बघतोय. नायट्रोची टीम दोन राउंडच्या मध्ये सव्वा तासाच्या आसपास अख्खं इंजिन खोलून परत बांधते, तिथे इंग्लिश कसं बोलता याला काही किंमत नाही, हात नीट चालतो का आणि आकडा खरा सांगता का एवढंच बघतात. कुठली कंपनी आवडते हे तर इंटरव्ह्यूत बोलूच नका. अर्जाबरोबर थ्रीडी मॉडेलचे चकचकीत फोटो पाठवण्यापेक्षा एक पान पाठवा: एक क्लास निवडा, त्याच्या नियमातला स्पेसिंगचा आकडा, त्यातून काढलेली भिंत, बोअर, स्ट्रोक, पिस्टनचा वेग आणि प्रत्येक ठिकाणी हेच का निवडलं याची दोन ओळींची कारणं. मला येणाऱ्या अर्जांत असं पान आलं तर मी ते पहिलं उघडतो.