परदेशी सेवेला निघालेल्यांसाठी: डोडोमातली माझी दोन वर्षं

गेल्या रविवारी वाशीला चर्चमधली उपासना संपल्यावर दोन मुलींनी मला जिन्यातच गाठलं. एक नर्सिंग झालेली, दुसरी बी.एड. दोघींना आफ्रिकेत सेवेला जायचंय. "ताई, बॅगेत काय काय घ्यायचं?" हा पहिला प्रश्न. ठाण्याहून निघताना मीही हाच विचारला होता. त्याचं उत्तर देतेच, पण मला जे कुणी सांगितलं नव्हतं ते आधी: आपण द्यायला म्हणून जातो, आणि पहिलं वर्षभर नुसतं घेतच राहतो. ते मोकळ्या मनाने घेता आलं पाहिजे.

मी नर्स. टांझानियात डोडोमाच्या बाहेर, तिथल्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, दवाखान्यात होते. दार-एस-सलामहून बसने साधारण साडेचारशे किलोमीटर आत.

कागदपत्रांचं थोडक्यात. मिशनरी आणि स्वयंसेवकांना तिथे 'सी' वर्गाचा निवासी परवाना लागतो. बोलावणाऱ्या मंडळीला तो अर्ज वेळेवर करायला सांगा, टुरिस्ट व्हिसावर काम सुरू करू नका. नर्सना तिथल्या कौन्सिलची नोंदणीही हवी. विमान बहुतेकदा नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे, म्हणजे यलो फीवर असलेल्या देशांतून जातं, तेव्हा त्याची लस निदान 10 दिवस आधी टोचून घ्या. लस टोचल्याच्या दाखल्याचं पिवळं कार्ड पासपोर्टमध्येच ठेवा, परतताना मुंबईला मागतात. बॅगेत मोहरी, हिंग आणि गोडा मसाला असू द्या. कपडे तिथे मिळतात.

भाषेसाठी मात्र जीव ओता. आमचं घराणं मूळ नगरकडचं, जिथे अमेरिकन मिशनचं काम होतं. 1813 साली मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनरींना आधी मराठीच गिरवावी लागली, हे मी लहानपणापासून ऐकत आले. स्वाहिली गिरवताना त्यांची फार आठवण यायची. आपल्याला ती त्या मानाने सोपी जाते. दुकान म्हणजे 'दुका', हिशेब म्हणजे 'हेसाबु', रंग म्हणजे 'रांगी', गाडी म्हणजे 'गारी', विमा म्हणजे 'बिमा'. अरबी-फारसी शब्द समुद्रावरून तिकडेही गेले आणि इकडेही आले. नात्यांचे शब्द तेवढे नीट पाठ करा. 'मामा' म्हणजे आई, 'काका' म्हणजे भाऊ आणि 'दादा' म्हणजे बहीण. दवाखान्यात सगळे मला दादा म्हणत. धाकट्या भावाचा फोन आला की मी तो शब्द त्याला मुद्दाम ऐकवायची. वडीलधाऱ्यांना 'शिकामो' म्हटल्याशिवाय पुढचं बोलू नका. ते 'मराहाबा' म्हणतात, मग बोलणं सुरू होतं.

आणि घड्याळ. तिथे तास उजाडल्यापासून मोजतात. आपले सकाळचे 7 म्हणजे त्यांचा पहिला तास, आणि 8 वाजले की 'सा म्बिली', म्हणजे दोन. हे मला पहिल्या आठवड्यात माहीत नव्हतं. गावाबाहेर एका मोठ्या गोरखचिंचेखाली बाळांची वजनं करायची होती आणि काटा माझ्या ताब्यात होता. 'सा म्बिली' एवढंच मला कळलं. सकाळी मला बोलवायला पोरगा आला, तेव्हा मी बाजारात गेलेली. दुपारी 2 वाजता काटा घेऊन पोहोचले, तर बऱ्याच बाया परत गेल्या होत्या. तिघी मात्र झाडाच्या सावलीत, पाय पसरून, मांडीवर बाळं घेऊन बसल्या होत्या. सकाळपासून. चूक माझ्या ध्यानात आली आणि मला रडूच फुटलं. त्यातली सगळ्यात वयस्कर उठली, माझ्या हातातला काटा घेतला आणि म्हणाली, "पोले, दादा, पोले." कुणाला ठेच लागो, कुणाच्या घरी मयत होवो, कुणी नुसतं दमून येवो, 'पोले' म्हणतात. 'तुझ्या त्रासात मी आहे' असा काहीसा अर्थ. ताटकळल्या त्या आणि समजूत काढली माझी. त्या तिन्ही बाळांची वजनं मी वहीत लिहिली, तेव्हा माझा हात थरथरत होता.

जेवणाचं टेन्शन घेऊ नका. उगाली ही मक्याच्या पिठाची घट्ट उकड. डोडोमाकडे बाजरी-ज्वारीचीही करतात, तिला भाकरीचा वास येतो. 'म्चिचा' म्हणजे चक्क आपला माठ, शेंगदाण्याचं कूट घालून. मी वरून लसणाची फोडणी दिली आणि शेजारणीने दुसऱ्या दिवशी वाटी पुढे केली. त्यांच्यात म्हण आहे, 'म्गेनी न्जोओ, म्वेन्येजी अपोने': पाहुण्या ये, म्हणजे यजमानाचं बरं होईल. तेव्हा वाढलेलं परत करू नका. त्यांच्या घरात आज कोंबडी शिजली असेल, तर ती तुमच्यामुळे मुलांच्याही पानात पडलेली असते.

पाणी मात्र जपून. पाऊस साधारण डिसेंबर ते एप्रिल, बाकी कोरडं. वीस लिटरचा पिवळा कॅन घरात राहणाऱ्या आम्हा दोघींना दिवसभर पुरवायचा. पहिल्या वर्षी पत्र्यावर पहिली सर वाजली, तेव्हा आम्ही घरातली सगळी पातेली अंगणात मांडली आणि मधोमध उभ्या राहून भिजलो. आता ठाण्यात नळ उघडला की अजूनही क्षणभर हात थांबतो.

एकटेपणा येतोच, बहुधा तिसऱ्या महिन्यात. तेव्हा खोलीत बसू नका, उपासनेला जा. ती तीन-तीन तास चालते, पण गाणं असं की पाय आपोआप हलतात. ज्याच्याकडे पैसे नाहीत तो दानात अंडी, मका, कोंबडी आणतो आणि नंतर बाहेर लिलाव होतो. आमच्या चर्चमधल्या हंगामाच्या सणासारखाच. मी पहिल्यांदा तो पाहिला त्या दिवशी घरची आठवण आली, पण बोचली नाही.

निघायच्या दिवशी पहाटे गोरखचिंचेखालची तीच बाई बसथांब्यावर आली. तिचं बाळ आता चालत होतं. मक्याच्या सालीत गुंडाळलेली चार अंडी तिने माझ्या हातात ठेवली. विमानात नेता येणार नाहीत म्हणून घरूनच उकडून आणली होती, आणि कागदाच्या पुडीत मीठही होतं.