हल्ल्याच्या वेळी अख्ख्या साइटला कुलूप नको

साइटवर खोट्या विनंत्यांचा पूर आला की बरेच जण घाईघाईने क्लाउडफ्लेअरचा (साइटसमोर ढालीसारखी उभी राहणारी सेवा) 'अंडर अटॅक मोड' चालू करतात. त्यात साइटवर येणाऱ्या प्रत्येकाची आधी परीक्षा होते. हल्ला ओसरतो, पण पेमेंट गेटवेचे निरोप आणि मोबाइल अ‍ॅपच्या विनंत्याही दारातच अडतात. त्यांच्यामागे ब्राउझर नसतो, त्यामुळे 'तू खरा ब्राउझर आहेस का' या परीक्षेला उत्तर देणारं कोणी नसतं. ग्राहकाचे पैसे कापले जातात आणि ऑर्डर मात्र 'प्रलंबित' दिसते.

त्यापेक्षा हे करा:

१. सर्व्हरच्या लॉगमध्ये (येणाऱ्या विनंत्यांच्या नोंदवहीत) मारा नेमका कोणत्या पानांवर होतोय ते पाहा. बहुतेकदा लॉगिन, शोध किंवा नोंदणीचं पान निघतं.

२. क्लाउडफ्लेअरच्या सिक्युरिटी विभागात कस्टम रूल (स्वतःचा नियम) बनवून फक्त त्याच पानांच्या पत्त्यांना 'मॅनेज्ड चॅलेंज', म्हणजे ब्राउझरची परीक्षा, लावा. मोफत प्लॅनमध्ये असे ५ नियम मिळतात, छोट्या साइटला ते पुरतात.

३. पेमेंटचा कॉलबॅक (जिथे गेटवेचा निरोप येतो) आणि एपीआयचे (ज्यांवरून अ‍ॅप सर्व्हरशी बोलतं) पत्ते या नियमात चुकूनही येत नाहीत ना, हे तपासा.

परीक्षा एकदा पास झालेल्या ब्राउझरला कुकी मिळते आणि मूळ सेटिंगनुसार ३० मिनिटं पुन्हा विचारलं जात नाही. खऱ्या माणसाला एवढा त्रास चालतो. लॉगिनच्या पानावर तर तो जाणवतही नाही.

एक खबरदारी मात्र घ्याच. हल्लेखोराला सर्व्हरचा मूळ आयपी (इंटरनेटवरचा खरा पत्ता) माहीत असेल तर तो क्लाउडफ्लेअरला वगळून थेट तिथेच मारा करेल आणि या परीक्षेला सामोराच जाणार नाही. म्हणून सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये ८० आणि ४४३ ही पोर्ट (वेबसाइटच्या विनंत्या येण्याची दारं) फक्त क्लाउडफ्लेअरने जाहीर केलेल्या आयपींनाच उघडी ठेवा.