टॉक्सिक शॉक सिंड्रोम कसा ओळखायचा आणि लगेच काय करायचं

पाळी चालू आहे, अचानक १०२च्या वर ताप चढला, उलट्या-जुलाब सुरू झालेत, अंग प्रचंड दुखतंय आणि उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येतेय... असं झालं तर खाण्यात काहीतरी आलं असेल म्हणून अंगावर काढू नका प्लीज. टॉक्सिक शॉक सिंड्रोम (टीएसएस) खूप कमी लोकांना होतो हे खरंय, पण झाला की काही तासांत बीपी कोसळतं आणि किडनी, लिव्हर फेल व्हायला लागतात.

आधी एक गैरसमज काढून टाका, हा फक्त पाळीचा किंवा फक्त बायकांचा आजार नाही. १९७८ मध्ये डॉ. जेम्स टॉड यांनी याला हे नाव दिलं तेव्हाचे पेशंट ८ ते १७ वयाची ७ मुलं होती. टॅम्पॉनशी (पाळीत रक्त शोषायला योनीत ठेवतात ती कापसाची गुंडाळी) संबंध जोडला गेला तो १९८० मध्ये, अमेरिकेत जास्त शोषणारे टॅम्पॉन वापरणाऱ्या बायकांमध्ये केसेस वाढल्या तेव्हा. ऑपरेशनची जखम, भाजलेली त्वचा, बाळंतपण, नाकातून रक्त येतं म्हणून भरलेलं पॅकिंग, यातूनही होतो. स्टॅफ किंवा स्ट्रेप बॅक्टेरिया विष सोडतात आणि त्या विषाने आपली इम्यून सिस्टिम एवढी भडकते की शरीराचंच नुकसान करते.

१. अंग नीट बघा. उन्हाने भाजल्यासारखी सपाट लाली येते, पण सावळ्या त्वचेवर ती पटकन दिसत नाही, म्हणून तळहात, तळपाय, डोळ्यांचा पांढरा भाग आणि जीभ उजेडात बघा, लाल वाटतात का. बोटाचं नख दाबून सोडा, रंग परत यायला ३ सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर रक्तपुरवठा कमी पडतोय. पण रंग लगेच परत आला म्हणून निर्धास्त होऊ नका, आणि लाली दिसत नाही म्हणून थांबू पण नका, ताप आणि चक्कर एवढं पुरेसं आहे. जखम दिसायला छोटी पण दुखणं असह्य, हे स्ट्रेपचं लक्षण असू शकतं, तेव्हाही लगेच निघा.

२. आत टॅम्पॉन किंवा मेन्स्ट्रुअल कप (पाळीचं रक्त गोळा करायला आत ठेवतात तो) असेल तर हात धुऊन काढून टाका. सापडत नसेल तर शोधत बसू नका, डॉक्टर काढतील. नाकातलं किंवा जखमेतलं पॅकिंग मात्र स्वतः ओढू नका.

३. सरळ इमर्जन्सीत जा, अँब्युलन्स बोलवा, स्वतः गाडी चालवू नका. पॅरासिटामॉलने ताप उतरतो का बघू, घरातली उरलेली अँटिबायोटिक घेऊन बघू, यात वेळ घालवू नका.

४. डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता स्वतःहून सांगा, आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण नुसतं "ताप आणि उलट्या" ऐकून कोणालाही आधी साधं इन्फेक्शनच वाटणार. असं सांगा: "पाळी चालू आहे, काल रात्रीपासून टॅम्पॉन होता, टीएसएस असू शकतो का?" लाज वाटत असेल तर सोबतच्या माणसाला बोलू द्या.

तिथे सलाइन, बीपीची औषधं आणि अँटिबायोटिक्स देतात, त्यात बऱ्याचदा क्लिंडामायसिन असतं, ते विष तयार होणंच कमी करतं. स्टॅफच्या केसमध्ये रक्ताचं कल्चर (रक्तात बॅक्टेरिया आहेत का बघायची टेस्ट) बहुतेक वेळा निगेटिव्ह येतं, म्हणून रिपोर्ट क्लीन आला की डिस्चार्ज मागू नका. आठवडा-दोन आठवड्यांनी तळहात-तळपायाची सालं निघतात, त्याने घाबरू नका, पण फॉलोअपला दाखवा.

होऊच नये म्हणून: टॅम्पॉन ४ ते ८ तासांत बदला, फ्लोला पुरेल इतकंच कमी शोषणारं घ्या, कप १२ तासांच्या वर ठेवू नका. आणि ज्यांना एकदा होऊन गेलाय त्यांनी टॅम्पॉन, कप दोन्ही बंदच करा, कारण बऱ्याच जणींच्या शरीरात या विषाविरुद्ध अँटिबॉडीज तयारच होत नाहीत आणि तो परत होऊ शकतो.