कारल्यावरची माशी की आंब्यावरची? आधी बघा, मग ल्युर घ्या

कारलं, दोडका, काकडी सडायला लागली की आपण दुकानातून मिळेल तो फळमाशीचा ट्रॅप आणून टांगतो आणि मग म्हणतो माशी अडकतच नाही, पण ल्युरच, म्हणजे ट्रॅपमधलं माशीला ओढणारं वासाचं आमिषच, चुकीचा असेल तर कशी अडकणार. मेलेली माशी हातावर घेऊन नीट बघा, पाठीवर मधोमध उभी पिवळी रेघ आणि पंखांवर तपकिरी डाग असतील तर ती वेलवर्गीय भाज्यांवरची, तिला क्यू ल्युर लागतो. मधली रेघच नाही, पाठ काळपट, पंख जवळपास स्वच्छ आणि पोटावर इंग्रजी टी सारखी खूण, तर ती आंबा-पेरूवरची, तिला मिथाइल युजेनॉल. दोन्ही ल्युरवर फक्त नरच येतात, फळात अंडी घालणारी मादी सुटते, त्यामुळे किडकी फळं रोज वेचून खोल पुराच.