घोडा लंगडतोय, हॉस्पिटलला न्यायचाय? मग त्याचं लंगडणं जपून न्या

आधी स्वतःचाच मूर्खपणा सांगतो. माझी घोडी पुढच्या उजव्या पायाने दोन आठवडे लंगडत होती, आज बरी उद्या वाईट असं चाललेलं, शेवटी हॉस्पिटलची अपॉइंटमेंट मिळाली आणि आदल्या रात्री मला तिची दया आली. एवढा प्रवास करायचाय बिचारीला, म्हणून घरात पडलेली ब्यूट म्हणजे फिनाइलब्युटाझोन या पेनकिलरची पावडर दाण्यात कालवून चारली. सकाळी घोडीबाई ट्रेलरमधून उतरल्या आणि अशी सुरेख दुडकी धरली की शर्यतीला उभी करावी. डॉक्टरांनी दोनदा पळवली, तीनदा पळवली, मग माझ्याकडे बघून एवढंच विचारलं, "काही दिलंय का हिला?" मी खाली बघितलं. तो दिवस वाया, औषधाचा असर उतरल्यावर परत सगळी वरात.

तर मुद्दा असा की हॉस्पिटलमध्ये तुम्ही घोडा नेत नसता, त्याचं लंगडणं नेत असता. ते डॉक्टरांना दिसलं तर निदान होणार. म्हणून पेनकिलर मनाने देऊ नका आणि चालू असेल तर मनाने बंदही करू नका, फोन करून विचारा, कधी आणि किती दिलंय ते खरं सांगा. खूप दुखत असेल तर डॉक्टर स्वतःच द्या म्हणतील, घोड्याला तडफडत ठेवा असं मी म्हणत नाहीये.

त्याच्याही आधी एक गोष्ट ठरवायची, घोडा हलवायचा की नाही. पाय अजिबात टेकत नाही, किंवा पाय भलत्याच कोनात लोंबतोय, किंवा हाडाचा आवाज येतोय, तर त्याला एक पाऊलही चालवू नका, डॉक्टरांना जागेवर बोलवा. हाड मोडलंय अशी शंका असली तर स्प्लिंट म्हणजे आधाराची कडक पट्टी बांधल्याशिवाय गाडीत चढवायचं नाही. सांध्याजवळ किंवा टेंडनवर, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीवर, जखम असेल, दिसायला अगदी टाचणीएवढी असली तरी, ती त्याच दिवसाची इमर्जन्सी समजा, कारण सांध्यात इन्फेक्शन शिरलं तर तासातासाला नुकसान वाढतं. आणि घोडा पुढचे दोन्ही पाय पुढे टाकून मागे झुकून उभा राहतोय, खूर गरम लागतायत, तर ते लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या थराचा दाह, असू शकतं, त्याला चालवून बघायचा मोह आवरा, मऊ जमिनीवर उभा करा आणि फोन करा.

पाय एकदम टेकेनासा झाला म्हणून घाबरून जाऊ नका मात्र. काल ठणठणीत असलेला घोडा आज तीन पायांवर उभा, याचं सगळ्यात नेहमीचं कारण खुरातला पू असतो, आणि पू बाहेर पडला की तोच घोडा बघता बघता पाय टेकायला लागतो. पण पू आहे की हाड मोडलंय हे तुम्ही आम्ही लांबून ठरवायचं नाही.

खिळ्याचं वेगळं सांगतो कारण इथे शंभरातले नव्वद जण चुकतात, मीही चुकलो असतो. खुराच्या तळात खिळा रुतलेला दिसला की हात आपोआप पक्कडीकडे जातो. थांबा! खिळा कुठल्या दिशेने आणि किती खोल गेलाय हे एक्स-रेमध्ये खिळा आत असतानाच कळतं, उपटला की ते भोक मिटल्यासारखं होतं आणि नंतर शोधत बसायचं. तळाच्या मधोमध, त्या मऊ त्रिकोणी भागाच्या आसपास खोल गेलेला खिळा आतल्या टेंडनपर्यंत, सांध्यापर्यंत पोचलेला असू शकतो. फोटो काढा, लगेच फोन करा, खिळा आणखी आत जाऊ नये म्हणून पाय टेकताना त्यावर दाब येणार नाही असं पॅडिंग कसं बांधायचं ते डॉक्टरांकडूनच विचारून घ्या. काढावाच लागला तर जागेवर मार्करने खूण करा, किती आत होता ते मोजा आणि तो खिळा बरोबर न्या. धनुर्वाताची लस शेवटची कधी टोचली तेही शोधून ठेवा, कारण घोड्याला धनुर्वात फार पटकन धरतो.

आता निघायच्या आधीचे दोन-तीन दिवस असतील तर व्हिडिओ काढा. हे मी सगळ्यांच्या मागे लागून सांगतो, कारण नवीन जागा, नवीन वास, दुसऱ्या घोड्यांची खिंकाळी, या सगळ्यात घोड्याला असा जोश चढतो की घरी दिसणारं बारीक लंगडणं तिथे गायब होतं. सपाट कडक जमिनीवर एकाने घोडा पळवायचा, दुसऱ्याने मोबाईल आडवा धरून शूट करायचं, समोरून, मागून आणि बाजूने, मग डाव्या आणि उजव्या बाजूने गोलात. चालताना थोडं, दुडकीत जास्त. दुडकी का, तर त्यात पुढचा एक आणि विरुद्ध बाजूचा मागचा एक असे तिरके पाय जोडीने पडतात, टप् टप् असा दोन ठोक्यांचा सारखा ताल असतो, एक पाय कच्चा असला की ताल बिघडतो. डोळे मिटून ऐकलंत तरी कळतं, दुखरा पाय हलका पडतो, चांगला जोरात वाजतो.

पुढचा पाय ओळखायची खूण सोपी, दुखरा पाय टेकला की मान वर जाते, चांगला टेकला की खाली येते. मागच्या पायाचं अवघड, तिथे पुठ्ठ्याकडे, म्हणजे मागच्या पायावरच्या कुल्ल्याकडे, बघायचं, दुखऱ्या बाजूचा पुठ्ठा जास्त वरखाली होतो. मी दोन्ही पुठ्ठ्यांवर पांढऱ्या टेपचे तुकडे चिकटवून मागून शूट करतो, मग स्लो करून बघितलं की टेप नाचताना दिसते. तबेल्यात जमलेला प्रत्येक माणूस "खांद्यात आहे" म्हणेल, हे ठरलेलं आहे, माना डोलवा आणि सोडून द्या. घोड्याचा साधारण साठ टक्के भार पुढच्या पायांवर असतो, पुढच्या पायाची लंगड जास्त बघायला मिळते आणि त्यातही बहुतेक वेळा दुखणं खालीच, खुरात किंवा खुराच्या जवळ निघतं.

एका कागदावर, किंवा मोबाईलमध्ये, लिहून न्या: कधीपासून, एकदम की हळूहळू, कामाने वाढतं की चालून चालून मोकळं होतं, नालबंद शेवटचा कधी आला, जमीन किंवा दाणा बदलला का, आधी कुठला पाय दुखलेला. नालबंदाची तारीख किरकोळ वाटते पण नाल मारल्यावर एक-दोन दिवसात लंगडायला लागला तर खिळा जिवंत भागाजवळ लागलाय का ही पहिली शंका येते. सकाळी शांत असताना ताप बघा, साधारण ३७.५ ते ३८.५ डिग्री सेल्सियस नॉर्मल, नाडी मिनिटाला २८ ते ४४. खुराच्या वरच्या सांध्यामागे दोन्ही बाजूंना बोटं ठेवून नाडी लागते का बघा, चांगल्या पायात ती मुश्किलीने सापडते, दुखऱ्या खुरात ठणठण उडते. दोन्ही पाय ताडून बघा, नुसत्या एकावरून काही समजत नाही.

खुराला तेल, पायाला मलम, लेप यातलं काही लावून नेऊ नका. चिखल तेवढा धुवा आणि कोरडा करा. बँडेजने सूज दबते, त्यामुळे प्रवासापुरतं बांधलं असेल तर पोचल्यावर सांगा की आधी सूज कुठे होती. नाल आपल्या मनाने काढून नेऊ नका, काही डॉक्टरांना नालेसकट चाल बघायची असते, खुराच्या एक्स-रेला मात्र बहुतेक वेळा नाल काढावी लागते, म्हणजे नालबंद परत लागणार हे धरून चाला. उपाशी आणायचा की नाही हेही फोनवरच विचारा.

गाडीत चढवताना घाई नको. उतार जितका कमी तितकं बरं, शक्य असेल तर गाडीची मागची बाजू चढाकडे लावून चढायची फळी सपाट करून घ्या. पुढचा पाय फार दुखत असेल तर तोंड मागे करून उभा करणं बरं, कारण ब्रेक लागला की भार मागच्या पायांवर जातो, मागचा पाय दुखत असेल तर तोंड पुढे. मान थोडी सैल ठेवा, तोल तो मानेनेच सांभाळतो. ड्रायव्हरला सांगा की वळणं पाणी भरलेली घागर घेऊन चालल्यासारखी घे. पोचलात की लगेच आत ढकलू नका, अर्धा तास उभा राहू दे, बघू दे, लीद टाकू दे.

आत काय होतं? डॉक्टर आधी नुसते बघतात, मग हाताने चाचपतात, मग चिमट्यासारखं अवजार घेऊन खुराचा तळ इंच इंच दाबतात, दुखऱ्या जागी घोडा पाय हिसकावतो. मग पळवायला सांगतात आणि इथे तुमचं काम आहे. दोर सैल सोडा! आपण घाबरून तोंडाशी गच्च धरतो आणि मान हलूच देत नाही, मग डॉक्टरांनी बघायचं काय. त्याच्या खांद्याजवळून सरळ पुढे बघत पळा, मागे वळून त्याच्या पायाकडे बघू नका, तुम्ही बघितलंत की तो थांबतो. मग एकेक सांधा तीस ते साठ सेकंद, कधी त्याहून जास्त, वाकवून धरतात आणि सोडल्या सोडल्या पळवतात, लंगडणं वाढलं तर तिकडे शंका. ० ते ५ असे नंबर पण देतात, ३ म्हणजे दुडकीत कायम दिसतंय, ४ म्हणजे चालतानाच उघड, ५ म्हणजे पाय जेमतेम टेकतोय.

मग येतो ब्लॉक, हा मला आजही जादूसारखा वाटतो. पायाच्या नसेजवळ बधीर करणारं इंजेक्शन देतात, सुरुवात अगदी खालून, टाचेच्या बाजूने. खालूनच का, तर वरचा कॉक बंद केला की खालचे सगळे नळ बंद, मग गळत होता कुठला ते कसं कळणार. पाच-दहा मिनिटं थांबायचं. आमच्या डॉक्टरांनी बंद पेनाने घोडीच्या टाचेवर दाबलं, घोडीने कानसुद्धा हलवला नाही, वरच्या बाजूला दाबलं तर पाय झटकला. मग पळवली. दोन आठवडे खालीवर होणारी मान एकदम सरळ! म्हणजे दुखणं बधीर केलेल्या भागात, खुराच्या मागच्या बाजूला. फरक पडला नाही तर एक पायरी वर, परत थांबा, परत पळवा, कधी अख्खी सकाळ जाते, वैतागू नका. कधी डावा बधीर केला की घोडा उजव्याने लंगडायला लागतो, डॉक्टरांनी बिघडवलं असं नाही, दोन्ही पाय दुखत होते आणि जास्त दुखणाऱ्याने दुसऱ्याला झाकलं होतं. हाड मोडल्याची शंका असेल तर ब्लॉक देत नाहीत, कारण दुखायचं थांबलं की घोडा त्याच पायावर पूर्ण भार टाकेल.

जागा कळली की मग फोटो. हाडासाठी एक्स-रे, टेंडनसाठी सोनोग्राफी, तिथले केस भादरतात, दचकू नका. बारीक तडा पहिल्या एक्स-रेत कधीकधी दिसत नाही, दहा-चौदा दिवसांनी परत बोलावलं तर ते पैसे काढण्यासाठी नव्हे. एमआरआय किंवा बोन स्कॅन सांगितलं तर विचारा, "याने उपचार बदलणार आहे का?" बदलणार नसेल तर मी तरी थांबतो.

निघताना किती दिवस ठाणबंद, हाताने किती मिनिटं चालवायचा, नाल कशी मारायची हे लिहून घ्या आणि नालबंदाशी डॉक्टरांचं थेट बोलणं करून द्या, तुमच्या तोंडून निरोप गेला की अर्धा बदलतो. भूल दिली असेल तर घोड्याची मान जड असेपर्यंत गवताची काडी नाही, घास नरड्यात अडकतो. पाय बधीर असेल तर तो जोर देऊन ठेचकाळतो, म्हणून बधीरपणा उतरला ना हे विचारूनच गाडीत चढवा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याच जमिनीवर, त्याच कोनातून, परत व्हिडिओ काढा, डॉक्टरांनी पळवायला बंदी केली असेल तर नुसता चालताना.