'रन' म्हणजे पळणे? या चुका टाळा

साताऱ्यात 'रन' या शब्दाचा घोटाळा जरा जास्तच होतो. इथली हिल मॅरेथॉन यवतेश्वरच्या घाटानं वर जाते, सरावाची मंडळी पहाटेच घाटात दिसतात. त्यामुळे 'रन' म्हटलं की पळणंच आठवतं. ज्यांना पळायचा कंटाळा, त्यांना क्रिकेट. शिकवणीत 'माय अंकल रन्स अ हॉटेल इन वाई' हे वाक्य दिलं, तर एकानं लिहिलं, "माझे काका वाईच्या हॉटेलात पळतात."

पहिला शिकलेला अर्थ असा मानगुटीवर बसतो. मराठीत मात्र आपण फसत नाही. स्टँडवर 'वाई गाडी लागली' ऐकलं की पिशव्या उचलतो आणि 'पोरीला गाडी लागली' ऐकलं की लिंबू शोधतो. भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, खूळही लागतं. 'लागणे'चे अर्थ कुणी पाठ केले होते? शेजारचा शब्द बघून कळतात. इंग्रजीतही तेच करायचं. नाक 'रन' झालं तर गळतंय, धुताना साडीचा रंग 'रन' झाला तर गेला, नळ 'रन' होतोय तर आधी उठून बंद करा.

उलटी चूक जास्त चिवट. आपण दुकानही चालवतो आणि मोटारसायकलही. म्हणून 'ही रन्स अ शॉप' बरोबर आलं की पुढच्याच दमात 'ही रन्स अ बाईक' येतं. दुकान 'रन', मोटार 'ड्राइव्ह', दुचाकी 'राइड'. ही चूक मी स्वतः बरीच वर्षं केली आहे.

मागे लागणाऱ्या छोट्या शब्दाकडेही दुर्लक्ष नको. 'रन आउट' मैदानात धावबाद, पण 'वी रॅन आउट ऑफ मिल्क' म्हणजे घरातलं दूध संपलं. 'आय रॅन इनटू अ फ्रेंड' म्हणजे राजवाड्यावर मित्र अचानक भेटला. मित्राच्या जागी भिंत असेल तर डोकं आपटलं.

निवडणुकीची गंमत वेगळी. अमेरिकेत उमेदवार 'रन' करतो, ब्रिटनमध्ये 'स्टँड'. आपला उमेदवारही उभाच राहतो, त्यामुळे ब्रिटिश वळण आपल्याला सोपं वाटतं.

मग सगळे अर्थ पाठ करायचे? ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत 'सेट' या क्रियापदाचे ४३० अर्थ होते. पुढे संपादकांनी 'रन' हाती घेतला तेव्हा त्याचे अर्थ 'सेट'लाही मागे टाकून ६४५ वर गेले. एवढं इंग्रजांनाही पाठ नसतं. वहीत अर्थ लिहू नका, अख्खं वाक्य लिहा, तेही आपल्या घरातलं. वाक्य अडलंच तर 'रन'वर बोट ठेवून ते झाका आणि बाकीचं वाचा: 'द बस टू महाबळेश्वर ... एव्हरी अवर.' झाकलेल्या जागी 'सुटते' आपोआप येतं.