तळ्याकाठच्या मोटारमुक्त रस्त्यावर सायकल चालवताना या चुका टाळा

पहाटे साडेपाचच्या सुमारास उपवनच्या तळ्याकाठी उभे राहिले की समोर येऊरचा डोंगर काळसर दिसतो, पाण्यावर दिव्यांचे पट्टे हलत असतात आणि रस्त्यावर एकही गाडी नसते. ठाण्यातल्या बऱ्याच सायकलस्वारांची रोड बाइकशी, म्हणजे डांबरी रस्त्यासाठीच्या अरुंद टायरच्या सायकलशी, पहिली ओळख अशाच वेळी होते. गाडी नाही म्हणजे धोका नाही, ही समजूतही तिथेच मनात बसते आणि पुढे सगळ्या चुका तिच्यातून निघतात. मी आजवर सायकलवरून तीनदा पडलो आणि तिन्ही वेळा आसपास एकही वाहन नव्हते. वाहतुकीत माणूस सावध असतो. रिकाम्या रस्त्यावर तो तळ्याकडे पाहत असतो.

रिकामा रस्ता आणि मोटारमुक्त रस्ता

पहिली चूक घरून निघण्याआधीच होते. उपवनहून येऊरला चढणारा रस्ता पहाटे शांत असला तरी तो वाहनांना बंद नाही. येऊर गावात आणि पाड्यांवर राहणाऱ्यांची ये-जा त्याच रस्त्याने होते आणि सुट्टीच्या दिवशी उजाडता उजाडता पर्यटकांच्या गाड्या सुरू होतात. वाशी ते बेलापूरचा पाम बीच रस्ताही सायकलस्वारांच्या आवडीचा आहे, पण तो मुळात वेगाने गाडी चालवण्यासाठी बांधलेला आहे, आणि पहाटे तिथे गाड्या कमी असतात तेव्हाच त्या सर्वांत वेगात असतात. अशा ठिकाणी मागचा लाल दिवा उजाडल्यावरही चालू ठेवावा. वळणावर रस्त्याच्या मध्यापलीकडे सरकणे ही तर उघड आत्महत्याच आहे.

याच्या उलट चूकही होते. मोटारींना बंदी आहे म्हणून तो रस्ता रोड बाइकच्या सोयीचा असेल, असे गृहीत धरले जाते. माथेरानला दस्तुरी नाक्यापुढे पर्यटकांच्या मोटारी जात नाहीत, डोंगर आहे, शार्लट तळे आहे. कागदावर सगळे जुळते. प्रत्यक्षात तिथल्या बहुतेक वाटा लाल मातीच्या, घोड्यांच्या टापांनी उखडलेल्या आहेत आणि 25 मिलिमीटरच्या टायरला त्यांवर काहीही काम नाही. जाण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: सायकलला परवानगी आहे का, पृष्ठभाग डांबराचा आहे की पेव्हर ब्लॉकचा आणि प्रवेशाच्या वेळा कोणत्या. येऊरचा परिसर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे, तिथे बिबट्यांचा वावर आहे आणि पहाट व संधिप्रकाश ही त्यांच्या हालचालीची वेळ असते. म्हणून तिथे अंधारात एकट्याने चढू नये. चौघांच्या गप्पांचा आवाज या कामी पुरेसा उपयोगी पडतो.

तळे कोणत्या हाताला?

तळ्याभोवती फेरी मारायची तर दिशेचा विचार आधी करावा लागतो, आणि तो फारच थोडे जण करतात. आपण डाव्या बाजूने चालवतो; त्यामुळे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरल्यास तळे डाव्या हाताला येते आणि सायकल पाण्याच्या कडेला राहते. त्या बाजूने गल्ल्या, फाटके किंवा दुकानांचे रस्ते येऊन मिळत नाहीत, त्यामुळे अचानक कोणी आडवे येण्याची शक्यता बरीच कमी होते. मात्र त्या मार्गावर एकच दिशा ठरवून दिलेली असेल, तर हा हिशेब बाजूला ठेवून तीच पाळावी.

हाच हिशेब परदेशात उलटा होतो. अलीकडे ठाणे आणि नवी मुंबईतले बरेच हौशी स्वार फ्रान्समधील आन्सी सरोवराची फेरी करण्याचा बेत आखतात. सुमारे 40 किलोमीटरची ही फेरी आल्प्सच्या कुशीत आहे. पश्चिम काठावरचा सायकलमार्ग जुन्या रेल्वेमार्गाच्या जागेवर बांधलेला असल्याने जवळजवळ सपाट आहे आणि द्वँ या गावाजवळ तो जुन्या रेल्वे बोगद्यातून जातो. तिथे उजव्या बाजूने चालवायचे असते. गाड्यांच्या रस्त्यावर समोरची वाहने आपल्याला ही आठवण करून देत राहतात. मोटारमुक्त मार्गावर ती करून देणारे कोणी नसते, म्हणून शरीर नकळत डावीकडे सरकते आणि वळणावर समोरचा स्वार एकदम अंगावर येतो. शिवाय आपल्याकडे पुढचा ब्रेक बहुधा उजव्या हाताला असतो, तर तिकडच्या भाड्याच्या सायकलींवर तो डाव्या हाताला असतो. सायकल ताब्यात घेतल्यावर दुकानाच्या दारातच दोन्ही लिव्हर एकेक करून दाबून पाहावेत, कारण उतारावर ही गोष्ट नव्याने शिकायला वेळ मिळत नाही.

वारा आणि उतार

गोल मार्गावर वारा कुठेतरी पाठीशी आणि कुठेतरी तोंडावर असणारच. पहिला अर्धा मार्ग पाठवाऱ्याने तरंगत गेल्यासारखा जातो, आपले पाय आज फार चांगले आहेत असा भ्रम होतो आणि उरलेला अर्धा मार्ग ते कर्ज व्याजासह फेडण्यात जातो. मोठ्या सरोवराला मधून परतीची वाट नसते, ही त्यातली खरी अडचण आहे. डोंगराळ खोऱ्यात स्वच्छ हवेच्या दिवशी सकाळी वारा उताराकडे मंद वाहतो आणि ऊन तापले की तो उलटून खोऱ्यातून वर चढू लागतो. म्हणून लवकर निघावे, आणि वेगाच्या आकड्याकडे पाहून जोर लावण्याऐवजी श्वास सांभाळावा. बोलताना वाक्य मध्येच तुटू लागले तर पहिल्या अर्ध्या फेरीसाठी तो वेग जास्त आहे.

उतारावर ब्रेक सतत धरून ठेवणे ही फार जुनी सवय आहे. येऊरचा उतार छोटा असल्याने तिथे ती खपून जाते. पण आन्सीच्या पूर्व काठावरून फोर्क्लाच्या खिंडीचा चढ घेतला तर सरोवराच्या सुमारे 446 मीटर उंचीवरून सुमारे 1,150 मीटरपर्यंत जावे लागते आणि मग तेवढेच खाली यावे लागते. रिम ब्रेक असतील, म्हणजे ब्रेकचे रबर चाकाच्या धातूच्या कड्यावर (रिमवर) दाबले जात असेल, तर सतत घासून रिम तापते, आतल्या हवेचा दाब वाढतो आणि ट्यूब फुटू शकते. डिस्क ब्रेक, म्हणजे चाकाच्या मध्याशी असलेली चकती धरणारा ब्रेक असेल, तर तिला धरणारे पॅड गुळगुळीत होऊन किंचाळू लागतात. सरळ पट्ट्यात दोन्ही ब्रेक ठामपणे, थोडाच वेळ दाबावेत, मग पूर्ण सोडावेत आणि वळणात शिरण्यापूर्वीच वेग उतरवलेला असावा. पावसाळ्यात येऊरच्या झाडांखालचा डांबरी रस्ता शेवाळाने हिरवट होतो. तिथे वळणात ब्रेक दाबला की मागचे चाक हमखास सरकते. माझे पहिले पडणे तिथलेच आहे.

एकच पंक्चर दोनदा

पंक्चर झाल्यावर घाईघाईने नवी ट्यूब घालायची आणि अर्ध्या किलोमीटरवर पुन्हा खाली बसायचे, हा प्रकार मी इतक्या वेळा पाहिला आहे की त्यावर थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. मीही एकदा सलग दोन ट्यूब अशाच घालवल्या आणि सायकल खांद्यावर घेऊन एका दुकानात गेलो. तिथल्या काकांनी ट्यूबकडे पाहिलेसुद्धा नाही. ते म्हणाले, "अहो, ट्यूब काय बघताय, टायर बघा." त्यांनी टायर उलटा करून त्यातून कापसाचा बोळा हळूहळू फिरवला. एका जागी कापसाचे तंतू अडकले. चिमट्याने ओढल्यावर पापणीच्या केसाएवढी बारीक पोलादी तार बाहेर आली. अवजड वाहनांच्या फाटलेल्या टायरमधून अशा तारा रस्त्यावर सांडतात. बाहेरून टायरवरून बोट फिरवले तरी ती लागत नव्हती.

म्हणून टायर बसवताना त्यावरचे कंपनीचे नाव नेहमी व्हॉल्व्हच्या (हवा भरायच्या नळीच्या) अगदी शेजारी येईल असे बसवावे. पंक्चर झालेल्या ट्यूबमध्ये हवा भरून भोक शोधले की व्हॉल्व्हपासून त्याचे अंतर मोजून टायरवर नेमकी कोणती जागा तपासायची ते कळते. भोकाची जागा आणि आकारही बरेच काही सांगतो. बाहेरच्या बाजूला एकच भोक असेल तर काटा, काच किंवा तार शोधावी. शेजारीशेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्याच्या किंवा गतिरोधकाच्या कडेवर ट्यूब रिमखाली चिमटली गेली. भोक रिमच्या बाजूला असेल तर रिमची पट्टी सरकली आहे, आणि व्हॉल्व्हच्या मुळाशी असेल तर हवा भरताना पंप तिरका ओढला गेला आहे. या शेवटच्या पंक्चरला पॅच आणि सोल्यूशनचा काहीच उपयोग होत नाही. ट्यूब बदलावीच लागते.

हवेच्या दाबाबद्दल मात्र उलटा अतिरेक दिसतो. टायरच्या कडेवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, शिफारस नव्हे. 70 किलो वजनाच्या स्वाराला 28 मिलिमीटरच्या टायरमध्ये साधारण 70 ते 75 पीएसआय (पंपावर दिसणारे हवेच्या दाबाचे एकक) पुरते, मागच्या चाकात पाचेक पीएसआय अधिक. 110 भरून पेव्हर ब्लॉकवरून जाणारी सायकल उसळत राहते आणि ओल्या रस्त्यावर तिची पकड कमी होते.

चेन, गिअर आणि खाडीची हवा

मोठ्या दात्यावर (मागच्या चाकाच्या मोठ्या दातेरी चकतीवर) गिअर चढायला वेळ लागत असेल तर मागच्या डिरेलरजवळचा, म्हणजे चेन एका दात्यावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेजवळचा, केबलचा गोल स्क्रू घड्याळाच्या उलट दिशेने अर्धा फेरा फिरवून पाहावा. बहुतेक वेळा केबल सैल झालेली असते. सायकल उजव्या अंगावर पडली असेल तर गोष्ट वेगळी आहे. तेव्हा डिरेलरचा हँगर (तो ज्यावर बसवलेला असतो तो धातूचा तुकडा) आतल्या बाजूला वाकलेला असू शकतो आणि चढावर सर्वांत हलका गिअर घालताच डिरेलर स्पोकमध्ये जाऊन चाक आणि हँगर दोन्ही मोडतात. अशा वेळी सगळ्यात मोठा दाता न वापरता घरी यावे.

चेनच्या 12 जोडकड्यांची (एक आतली आणि एक बाहेरची कडी मिळून एक जोडकडी) लांबी नवेपणी बरोबर 12 इंच असते. ती दीड मिलिमीटरने वाढली की चेन बदलावी; 3 मिलिमीटरपर्यंत थांबलात तर मागचे दातेही बदलावे लागतात आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो. ठाण्याच्या आणि नवी मुंबईच्या खाडीकाठच्या दमट, खारट हवेत पावसाळी राइडनंतर पुसली नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी चेनवर तांबूस थर दिसतो. कोरड्या फडक्याने ती पुसावी, प्रत्येक रोलरवर तेलाचा एकच थेंब टाकावा, पेडल उलटे फिरवावे आणि रात्रभर मुरू देऊन सकाळी बाहेरचे तेल पूर्ण पुसून काढावे. बाहेर राहिलेले तेल फक्त धूळ गोळा करते.

फिरायला येणारी माणसे

उपवन असो, नेरुळचा ज्वेल ऑफ नवी मुंबईचा परिसर असो, तळ्याचा काठ आधी चालणाऱ्यांचा असतो. सायकलला बंदी असेल तिथे ती शिरवू नये. परवानगी असेल तिथे घंटी दुरून आणि एकदाच वाजवावी. अगदी पाठीशी येऊन वाजवली की ज्येष्ठ माणसे दचकून नेमकी आपल्याच बाजूला सरकतात. लहान मूल, कुत्र्याचा पट्टा आणि चेंडू या तिन्हींना वाट सरळ असते असे वाटत नाही, म्हणून तिथे वेग धावणाऱ्या माणसाइतका असावा. जोरात चालवायची हौस असेल तर ती चढावर भागवावी. येऊरचा चढ त्यासाठी पुरेसा आहे, आणि वर पोहोचेपर्यंत 750 मिलिलिटरची एक बाटली या दमट हवेत कशी संपते ते कळतही नाही. त्या पाण्यात चिमूटभर मीठ, थोडी साखर आणि लिंबू घालावे. खिशात केळे किंवा चिक्की ठेवावी. उतरल्यावर मिसळ खायची आहे म्हणून उपाशी चढणाऱ्यांना मी अर्ध्या वाटेत रस्त्याच्या कठड्यावर बसलेले पाहिले आहे.